वापरणारे शून्य, मैना एक

मित्रांनो, मी एक जुना गवताचा तुकडा आहे. सिंगापूरच्या उत्तरेला यिशुन नावाची वस्ती आहे. तिथल्या बारा-बारा मजली ब्लॉकांच्या मधोमध मी पसरलेलो आहे. माझ्यावर झोपाळा नाही, घसरगुंडी नाही, कारंजं तर नाहीच. एका शहाण्या माणसाने माझ्याबद्दल कागदावर लिहून ठेवलं होतं, ‘रिकामी जागा. वापरणारे शून्य. मैना एक.’ त्या माणसाचं नाव निशिकांत. त्याचा सूड मी कसा घेतला, ते आज तुम्हाला सांगणार आहे. मुलांना सुडाच्या गोष्टी सांगू नयेत म्हणतात. पण माझ्यावर कुणी चांगले संस्कार केलेले नाहीत. माझ्यावर रोलर फिरवला आहे, एवढंच.

माझा जन्म दलदलीत झाला. आधी माझ्या काठाने अननस पिकायचा, मग रबराची झाडं आली, मग एक लहानसं गाव वसलं. गावात बदकांचं तळं होतं. ते तळं म्हणजेच मी. पुढे बुलडोझर आले, गाव उठलं आणि माझ्यात तांबडी माती पडली. त्या घाईत तीन बदकं बाहेर निघायची राहून गेली. ती अजून माझ्या पोटात पोहत असतात. खोटं वाटत असेल, तर मोठा पाऊस पडून गेल्यावर जमिनीला कान लावून पाहा.

तोंड मातीने बुजलं, तरी माझी तळ्याची खोड गेली नाही. ब्लॉकांवर पडलेलं पाणी उतारावरून माझ्याकडे येई. मी ते पोटभर पीत असे, दोन दिवस सुस्त पडून राहत असे आणि मग थोडं थोडं खाली सोडत असे. हे काम मला कुणी नेमून दिलं नव्हतं. त्याबद्दल शाबासकीही मिळाली नाही. लोक एवढंच म्हणत, “इथे चिखल फार.”

पण ती माझी भरभराटीची वर्षं होती. वस्ती आखणाऱ्यांनी मला मुद्दाम मोकळं सोडलं होतं, आणि लोकांनी माझं काय करायचं ते आपापलं ठरवलं होतं. पहाटे सहाला चिनी आज्या ताई-चीच्या व्यायामाला माझ्यावर उभ्या राहून हवेतले न दिसणारे गोळे हळूहळू ढकलत. शनिवारी मलाय लग्नाचा मांडव पडे. चिन्यांच्या सातव्या महिन्यात भुतांसाठी गाण्याचा तंबू लागे. त्यात पहिली रांग भुतांना म्हणून मोकळी ठेवत. मोकळी कसली! त्या रांगेतल्या खुर्च्यांचे पाय माझ्यात चार-चार बोटं रुतत. भुतं चांगली खात्यापित्या घरची होती. संध्याकाळी फुटबॉल आणि क्रिकेट एकाच वेळी चाले आणि कुणाचा चेंडू कुणाच्या गोलात गेला यावरून रोज भांडण होई. मला भांडण आवडे. भांडायलाही जागा लागते.

दोन हजार सालानंतर माझ्यावर मराठी ऐकू येऊ लागली. आंग मो किओच्या कारखान्यांत काम करणारे इंजिनियर इथे फ्लॅट घेऊन राहू लागले होते. त्यांतला एक प्रफुल्ल. त्याने नागपूरहून आपल्या आईला आणलं. तिचं नाव अरुणा. वडील गेल्यावर आई एकटी पडली होती. इथे आल्यावर ती नवव्या मजल्यावर एकटी पडली, एवढाच काय तो फरक. मुलगा आणि सून सातला घर सोडत. इंग्रजी तिला येत नव्हतं. आठवडाभर तिने खिडकीतून मला पाहिलं. आठव्या दिवशी ती खाली आली, चपला काढून हातात घेतल्या आणि माझ्यावरून तिरपी चालत गेली.

माझ्या पलीकडच्या टोकाला हॉकर सेंटर आहे, म्हणजे खाण्यापिण्याच्या टपऱ्यांचं मोठं छप्पर. तिथे शेवटच्या टेबलाशी गोह अंकल बसत. बस चालवून निवृत्त झालेले, पंचाहत्तरीचे, समोर काळ्या कॉफीचा कप. अरुणाबाईंनी पहिल्या दिवशी हात जोडले आणि म्हणाल्या, “जयभीम.”

दुसऱ्या दिवशी गोह अंकलनीच हात उंचावला. “जयभीम, आंटी! टुडे सो लेट, अह?”

“उशीर कुठला? तूच कोंबड्याच्या आधी उठून राहिला.”

त्यांना एकमेकांचं एक अक्षर कळत नसे. दोघे तासभर बोलत. अरुणाबाई गुडघ्यांची तक्रार मराठीत करत. गोह अंकल आपल्या गुडघ्याची चिनीत करत. गुडघे दोघांचे सारखेच दुखत असल्यामुळे भाषांतराची गरज पडली नाही. बुद्धपौर्णिमेला इथे वेसाकची सुट्टी असते. त्या दिवशी अरुणाबाई माझ्या कडेला पातेलं ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याला खीर वाटत. पहिली वाटी गोह अंकलची. ते तीन वाट्या खात आणि डॉक्टरने साखर बंद केल्याचं खुणेने सांगत.

अरुणाबाईंच्या रोजच्या येण्याजाण्याने माझ्यावर एक पायवाट पडली. ब्लॉकपासून हॉकर सेंटरपर्यंत तिरपी. त्यांच्या चालीने सात मिनिटांची. मग तिच्यावरून सगळेच चालू लागले. मित्रांनो, माणसाला जशी हातावरची रेष, तशी मला ती पायवाट. माझं नशीब तिच्यात लिहिलेलं होतं.

दोन हजार सातच्या जून महिन्यात निशिकांत आला.

तो पुण्याचा. चांगी बिझनेस पार्कमधल्या एका कंपनीत मोकळ्या जागांचे आराखडे काढायचा. माझ्या पूर्वेला एका बिल्डरबाईंचा मोठा कॉन्डो, म्हणजे पैसेवाल्यांची कुंपणातली खासगी वसाहत, उभा राहायचा होता. मला त्याच्या बागेत घ्यायचं आणि कार्ड लावून उघडणारं फाटक बसवायचं, असं चाललं होतं. अट एकच होती. लोक जर मला खरोखर वापरत असतील, तर मला सगळ्यांसाठी मोकळं ठेवावं लागणार होतं. ते पाहायला निशिकांतला पाठवला होता.

तो तीन मंगळवार आला. तिन्ही वेळा दुपारी साडेबाराला.

मित्रांनो, सिंगापूरच्या उन्हात दुपारी साडेबाराला कोण बाहेर पडतं? कुत्रीसुद्धा लिफ्टजवळच्या थंड फरशीवर पोट टेकून पडलेली असतात. निशिकांत छत्री धरून माझ्या मधोमध उभा राही, घड्याळ बघून अर्धा तास मोजे आणि वहीत शून्य लिही. तिसऱ्या मंगळवारी एक मैना आली. ती तरी कशाला? त्याच्या सँडविचचा तुकडा पडला होता म्हणून.

त्या दिवशी अरुणाबाई ब्लॉकखालच्या मोकळ्या मजल्यावर हवेला बसल्या होत्या. निशिकांत फोनवर मराठीत बोलत होता. ते ऐकून त्यांना कोण आनंद झाला! त्यांनी हाक मारली.

“एवढ्या उन्हात काय करून राहिला रे बापू?”

“सर्व्हे करतोय, काकू. ही जागा लोक किती वापरतात, ते बघतोय.”

“आता? गाव कुठलं तुझं?”

“पुणे.”

“पुण्याचा माणूस तू! दुपारी एक ते चार कोण घराबाहेर पडतं, ते तुला नागपूरच्या बाईनं सांगायचं?”

निशिकांत हसला. “संध्याकाळी जमत नाही हो. ऑफिस पार चांगीला. इथे पोचेपर्यंत नऊ वाजतात. जेवणाच्या सुट्टीत कंपनीची गाडी मिळते, तेवढीच वेळ.”

“मग गाडीला मोज. माणसं कशाला मोजतो?”

त्यांनी त्याला ताक दिलं. ताक पिऊन तो म्हणाला, “काळजी करू नका, काकू. जागा मोकळीच राहणार आहे. आराखड्यात तसं लिहिलंय, ओपन स्पेस.” आणि तो गेला. ताक पिऊन गेला, हे लक्षात ठेवा. शत्रूचं मीठ खाल्लेला माणूस मी समजू शकतो, पण मित्राचं ताक प्यायलेला नाही.

त्याने काढलेला आराखडा मी पाहिला आहे. वाऱ्याने उडून एक प्रत माझ्यावर पडली होती. मधे गोल फरशी, एक कमळाचा हौद, तीन ताडाची झाडं आणि भोवती कुंपण. तीन ठिकाणांचं काम त्याच्याकडे होतं. कॉन्डोला हेच चित्र, चांगीच्या ऑफिसांच्या आवाराला हेच चित्र आणि आमच्या ब्लॉकांच्या कडेलाही हेच. एकच झबलं तीन घरच्या तीन बाळांना! ऑफिसातल्या माणसांना दुपारच्या डब्यापुरती सावली हवी असते. कॉन्डोतल्या लोकांना शेजाऱ्याचं तोंड दिसेल अशी जागा हवी असते. आणि ब्लॉकांतल्या माणसांना जवळची वाट हवी असते आणि संध्याकाळ हवी असते. ताडाचं झाड यांतलं काहीच देत नाही. ते नुसतं उंच असतं.

ऑक्टोबरमध्ये माझ्याभोवती पत्र्याची भिंत उभी राहिली. सात मिनिटांची वाट बंद झाली. आता हॉकर सेंटरला जायचं, तर मोठ्या रस्त्याने वळसा, दोन सिग्नल आणि बेचाळीस पायऱ्यांचा पूल. अरुणाबाई पहिल्या दिवशी अकराव्या पायरीवर बसल्या आणि तिथूनच परतल्या. प्रफुल्लने विचारलं, “आई, हल्ली खाली का उतरत नाहीस?”

“काय ठेवलंय खाली?” त्या म्हणाल्या.

खरं काय ते त्यांना सांगता येईना. ज्याच्याशी बोलता येत नाही, अशा म्हाताऱ्याशी बोलायला जायचंय, हे पोराला कसं सांगायचं? तो बिचारा सुट्टी काढून गाडीने नेऊन आणणारा. त्याने ते आणखीच अवघड झालं असतं.

अरुणाबाई खिडकीत बसून माझ्याकडे पाहत. आणि मी सुडाची तयारी करत होतो.

आधी लहान लहान कामं केली. निशिकांत पाहणीला आला, तेव्हा मी त्याचा डावा बूट गिळला. त्याने लंगडी घालत दोन मजूर बोलावले. त्यांनी कोपरभर खणलं. मी बूट बदकांकडे पोचता केला. मग मी गोगलगायी उठवल्या. मुठीएवढ्या आफ्रिकन गोगलगायी, चारशे. त्यांनी एका रात्रीत त्याची कमळं खाल्ली आणि सकाळी हौदाच्या काठावर ओळीने बसून त्याची वाट पाहिली. ताडाच्या तीन झाडांना मी रोज थोडं थोडं वाकवलं. तिन्ही एकमेकांकडे पाठ करून उभी राहिली. निशिकांतने माती तपासायला पाठवली. माती चांगलीच होती. मनात वाईट होतं.

पण ही सगळी चिल्लर कामं. मोठं काम डिसेंबरसाठी राखून ठेवलं होतं.

निशिकांतच्या माणसांनी माझ्यात आणखी भर घातली होती, मला आजूबाजूपेक्षा उंच केलं होतं आणि वर फरशी बसवली होती. म्हणजे माझ्या तोंडावर झाकण घट्ट बसवलं होतं. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी कॉन्डोच्या नमुन्याच्या घराचं उद्घाटन होतं. पांढरे पडदे, गालिचा, टेबलावर कॉन्डोची छोटी प्रतिकृती. तिच्यात माझ्या जागी हिरवा कागद आणि त्यावर प्लास्टिकची बोटभर माणसं. सूटबूट घालून निशिकांत पाहुण्यांना सांगत होता, “ही मोकळी जागा या वस्तीचं हृदय आहे.”

तेवढ्यात पाऊस सुरू झाला. ईशान्येचा, घागरी उपड्या कराव्यात तसा. पाणी सवयीने माझ्याकडे आलं. मी म्हणालो, “आज मला उपास आहे. पुढच्या घरी जा.”

पाणी पुढच्या घरी गेलं. पडद्याखालून आत शिरलं, गालिचा उचलला आणि टेबल हलवलं. बिल्डरबाईंच्या उंच टाचांच्या चपला दारातून बाहेर निघाल्या आणि रांगेत पार्किंगकडे वळल्या. प्रतिकृती आडवी झाली आणि हिरव्या कागदावरची प्लास्टिकची माणसं एकेक करून वाहत निघाली. निशिकांत गुडघाभर पाण्यात त्यांना ओंजळीने पकडत होता. त्याच्या त्या मोकळ्या जागेचे वापरणारे तेवढेच होते, आणि तेही पोहत निघून चालले होते. मी इतका हसलो, की चार फरशा उखडल्या.

मग माझं हसू थांबलं. पाण्याला शत्रू-मित्र कळत नाहीत. तेच पाणी अरुणाबाईंच्या ब्लॉकखाली शिरलं आणि लिफ्टच्या खड्ड्यात भरलं. लिफ्ट दोन दिवस बंद होती. नवव्या मजल्यावर अरुणाबाई दोन दिवस दारात खुर्ची टाकून बसून राहिल्या. त्यांच्यापुढे मला लाज वाटली. निशिकांतपुढे नाही वाटली, ते मात्र स्पष्ट सांगतो.

तिसऱ्या दिवशी लिफ्ट चालू झाली. अरुणाबाई पिशवी घेऊन खाली उतरल्या. समोर निशिकांत भिंतीवरच्या ओलीची पट्टी मोजत होता.

“काकू, माफ करा. माझं चुकलं. कुठे चुकलं ते अजून कळत नाहीये, पण चुकलंय.”

“माफी राहू दे. तांदूळ संपलेत. चल माझ्याबरोबर.”

“आत्ता? काकू, साडेबारा वाजलेत.”

“तुझी वेळ आहे ना ही? चल.”

मित्रांनो, माझा सूड पाण्याचा होता. अरुणाबाईंचा त्याहून भारी निघाला. त्यांनी त्याला तो सगळा वळसा चालायला लावला, आणि तोही त्यांच्या चालीने. मी पत्र्याआडून ऐकत होतो. तो पुढे गेला, की हाक येई, “बापू, मागं फिर. मी इथं आहे.” पुलाच्या दर पाचव्या पायरीवर त्या बसत आणि तो शेजारी उन्हात उभा राही.

“काकू, छत्री उघडू का?”

“उघड की. तीन मंगळवार उघडली होतीस.”

हॉकर सेंटरला पोचायला पन्नास मिनिटं लागली. शेवटचं टेबल मोकळं होतं. कॉफीवाला म्हणाला, “अंकल मॉर्निंग ओन्ली, आंटी. आफ्टरनून गो होम.” अरुणाबाईंनी मान हलवली. येताना दहा किलो तांदूळ आणि दोन कलिंगडं निशिकांतच्या खांद्यावर होती. ब्लॉकखाली पोचल्यावर तो जमिनीवरच बसला. नव्याने घेतलेल्या बुटांतून घाम गळत होता.

“रोज इकडूनच जायचं?” त्याने विचारलं.

“मी कुठं जाते? मी तर जायचंच सोडलं. तू मोजलंस तसंच झालं बघ. शून्य.”

त्याच शनिवारी पहाटे साडेपाचला तो स्टूल घेऊन आला आणि पत्र्याबाहेर बसला. पत्रा आहे हे माहीत असूनही किती माणसं आधी माझ्याच दिशेने वळतात आणि मग थांबून वळसा घेतात, ते त्याने मोजलं. रात्री नऊपर्यंत मोजलं. चारशे अकरा. पुढचे तीन शनिवारही तो आला. मग त्याने एकोणीस पानांचा नवा अहवाल लिहिला. बिल्डरबाईंना माणसांचं काही वाटलं नाही, पण गालिच्याचं वाटलं. हा तुकडा खोल आणि मोकळा ठेवला नाही, तर पाणी तुमच्याच घरात येईल, हे त्यांना पटलं.

कागद फिरायला वेळ लागला. भर उपसली, फरशा गेल्या, ताड गेले. कॉन्डोचं फाटक माझ्याकडे उघडं ठेवायचं ठरलं. चांगीच्या आवारातल्या कुंपणाच्या जागी सावलीची झाडं आणि डबा खायला बाकं आली. तीन बाळांना तीन झबली. मे महिन्यात, वेसाकच्या आदल्या दिवशी, माझ्याभोवतीचा पत्रा निघाला. सात महिने झाले होते.

वेसाकच्या सकाळी अरुणाबाई खिरीचं पातेलं घेऊन उतरल्या. निशिकांत एक कडी धरून बरोबर होता. अरुणाबाईंनी चपला काढल्या. पायवाट गवताने बुजली होती, पण त्यांच्या पायांना ती ठाऊक होती. सात मिनिटांत त्या पोचल्या.

शेवटच्या टेबलाशी दोन अनोळखी मुली नूडल्स खात होत्या.

अरुणाबाईंनी कॉफीवाल्याकडे पाहिलं. “गोह?”

“मूव्ह्ड ऑलरेडी लाह, आंटी. जॅन्युअरी. वेंट टू स्टे विथ डॉटर.”

“कुठं?” हे त्यांनी मराठीत विचारलं. निशिकांतने ते इंग्रजीत विचारलं. कॉफीवाल्याने खांदे उडवले. फोन नंबर कुणाकडे नव्हता. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, तर पत्ता कोण कुणाला सांगणार? ती रोजची जागा हाच त्यांचा पत्ता होता.

खीर वाटून झाली. लोक येत होते, पोरं धावत होती, कुणी म्हणत होतं, “काकू, अजून आहे का?” निशिकांत वही घेऊन कडेला उभा होता. त्याचा चेहरा उजळला होता.

“काकू, आज सकाळपासून चारशे बारा माणसं! बघा, जागा कशी भरलीय.”

“एक कमी आहे,” अरुणाबाई म्हणाल्या.

“मोजताना चुकलं असेल.”

“चुकलं नाही, बापू. तुला उशीर झाला.”

निशिकांतने वही मिटली. त्याने ती पुन्हा उघडलेली मी पाहिली नाही. तो अजून अधूनमधून संध्याकाळी येतो. माझ्यावर बसतो. मी त्याला बसू देतो, पण खालून ओला करतो. अरुणाबाईंनी त्याला कधीच माफ केलं. त्या त्याला जेवायला बोलावतात, त्याच्या ताटात दोनदा भात वाढतात. माणसांना ते जमतं. मी जमीन आहे, माझ्याकडे विसरायची सोय नाही.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घराजवळ माझ्यासारखा एखादा तुकडा असेलच. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातलं कुणीतरी हातात नकाशा आणि छत्री घेऊन त्याच्यावर उभं राहील. तेव्हा पहाटे या, संध्याकाळी या, सणाला या. तिथल्या म्हातारीला विचारा, की तू इथून कुठे जातेस आणि तिथे कोण तुझी वाट बघत बसतं. मग काय ती रेघ मारा. एवढं केलंत, तर मी तुम्हाला मऊ गवत देईन, तुमच्या घराचं पाणी पिईन, तुमची भांडणं ऐकून घेईन.

आणि नाही केलंत, तर तुम्ही कितव्या मजल्यावर राहता, ते मला सांगू नका. मी शोधून काढीन.